आरसा न पाहिलेली नगरी

कृतयुग सरत आले होते आणि त्रेतायुग अजून उंबरठ्याबाहेरच उभे होते, त्या युगसंधीची ही कथा. शमीवती नदीच्या उत्तरतीरावर, शिसवीच्या दाट अरण्यात, देवशिल्पी त्वष्ट्याच्या शिष्यपरंपरेचा एक आश्रम होता. इतर आश्रमांत पहाट वेदघोषाने उजाडते. येथे वेदघोषाच्या जोडीला करवतीचा आणि लाकूड तासणाऱ्या वाकसाचा नाद उठे. होमासाठी वेगळ्या समिधा तोडाव्या लागत नसत. रंध्याखालून निघालेल्या चंदनाच्या आणि देवदाराच्या ढलप्यांवरच अग्निनारायण तृप्त होई. हरिणे निर्भयपणे कर्मशाळेत शिरत आणि लाकडाच्या भुशावर बसून रवंथ करीत. इंद्राच्या रथांची चाके, वरुणाच्या नौकांची वल्ही आणि राजर्षींच्या यज्ञमंडपांचे स्तंभ याच आश्रमातून जात, आणि ते न्यायला आलेले देवदूत दारात तिष्ठत उभे असत.

या आश्रमात सुनाभ नावाचा शिल्पी राहत असे. हस्तकौशल्यात तो कुणाला हार जाणारा नव्हता. पण रथ आणि स्तंभ सोडून तो खेळणी करी. दाणे टिपणारे शुक, पाणी पिऊन मान डोलावणारे मयूर, कळ फिरवताच पंख उघडणारे हंस! ज्याला रथ करता येतो त्याने खेळणी का करावीत, असा प्रश्न ज्यांना पडतो त्यांनी खुशाल दुसरी कथा वाचावी. इंद्राच्या रथांच्या कथा पुष्कळ आहेत. सुनाभाला एवढेच ठाऊक होते की निर्जीव काष्ठ आपल्यासमोर हलले की अंगावर रोमांच उठतो, आणि तसा रोमांच रथाच्या चाकाने त्याला कधी दिला नव्हता. त्याची पत्नी हैमा या वेडाला हसे. त्यांची उपवर कन्या वर्णिका मात्र पित्याच्या खेळण्यांना रंग देई, आणि प्रत्येक खेळणे प्रथम तिच्याच हाती जाई.

त्या आश्रमाची एक रीत होती. देवप्रतिमा घडवली की तिचे डोळे अगदी शेवटी उघडायचे. मधात आणि तुपात बुडवलेल्या सुवर्णशलाकेने बुबुळाची रेघ ओढायची, आणि त्याच क्षणी प्रतिमेसमोर आरसा धरायचा, म्हणजे तिची पहिली दृष्टी तिच्या स्वतःवरच पडते. खेळण्यांचे डोळे तर उघडायचेच नाहीत. तेथे कोरे लाकूड तसेच ठेवायचे. असे का, हे कुणी विचारत नसे. रीत होती आणि सगळे ती पाळत होते.

पुढे सुनाभाने एका विस्तीर्ण फलकावर एक क्रीडानगरी उभारली. तिला चार महाद्वारे होती, गोपुरे होती, ताम्रनलिकांतून खेळवलेल्या पाण्याची कारंजी होती. हाटात वणिक, सौधावर वीणावादिनी, गवाक्षांत कपोत, आणि प्रत्येक कळसावर करंगळीच्या नखाएवढी पताका होती. खेळणाऱ्याने कवड्या टाकायच्या, आणि पडलेल्या दानाप्रमाणे नगरीतल्या बाहुल्या आपोआप चालू लागायच्या. पूर्वद्वारी उभा असलेला राजहत्ती वीथीवीथींतून मध्यावरच्या देवळात पोचला की घंटा वाजायची आणि डाव संपायचा. सारे सूत्रांवर, खुंट्यांवर आणि पाण्याच्या दाबावर चाले. त्यात माया नव्हती.

फलकावर शेवटची खुंटी ठोकली गेली, तेव्हा सुनाभ बराच वेळ त्या नगरीकडे बघत राहिला. कवड्या टाकल्या की हत्ती चालतो, हे त्याला पाठ होते. पण याच हत्तीला दिसू लागले तर? त्याला स्वतःला कुठे जावेसे वाटेल? हा विचार एकदा मनात शिरला तो निघेना. शेवटी त्याने सुवर्णशलाका उचलली.

वर्णिका तेव्हा फलकावर ओणवून एका पताकेला तांबडा हिंगुळ लावत होती. तिने शलाका पाहिली आणि ती चपापली.

"तात, हे देवाचे काम आहे. बाहुल्यांचे नव्हे."

"एकदाच, वत्से. मला फक्त बघायचे आहे."

"मग आरसा तरी आणते."

आरसा अंगणापलीकडे देवघरात होता. अंगण ते केवढेसे! पण सुनाभाला तेवढाही धीर धरवला नाही. "आधी उघडू, मग आण," असे म्हणून त्याने हत्तीच्या डोळ्यांवर शलाका फिरवली, मग वणिकांच्या, मग वीणावादिनींच्या, मग कपोतांच्या. एकेक करीत त्या साऱ्या चिमुकल्या नगरीने डोळे उघडले आणि वर पाहिले. वर वर्णिकेचा चेहरा होता.

प्रारंभी तर आश्रमात आनंदीआनंद झाला. हत्ती सोंड उंचावून वर्णिकेला वंदन करी, वीणावादिनी कुणी न शिकवलेली धून वाजवीत, आणि एके दिवशी तर हाटातल्या वणिकाने आपल्या दुकानाला मागचे दार पाडले, जे सुनाभाने कधी कोरलेच नव्हते. "हे मी केलेले नाही!" असे सुनाभ ज्याला त्याला सांगत सुटला. देव विमानांतून उतरले. मरुद्गण आले ते त्या नखाएवढ्या पताका फडकवण्यात असे रमले की बाहेरच्या जगाला वारा घालायचा आहे हेच विसरून गेले.

वर्णिका कवड्या टाकत होती. हत्ती देवळापाशी पोचत आला की नगरीत एक नवी वीथी उघडे, आणि हत्ती तिकडे वळे. मग त्या वीथीत काय आहे हे बघायलाच हवे!

"एवढा एकच डाव, माते. हत्ती देवळात गेला की मी उठतेच," असे ती हैमेला सांगे. हत्ती देवळात जात नव्हता. तिच्यापुढचे अन्नाचे पान सुकू लागले, वेणी सुटली ती सुटलीच, हिंगुळाच्या वाटीत कुंचला वाळून काष्ठ झाला. तिचे गाल बसले, मनगटातली वलये कोपरापर्यंत सरकू लागली, आणि डोळे मात्र असे टपोरे, असे तेजाळ दिसत की हैमेला त्यांची भीती वाटू लागली. ती दमून क्षणभर मान खाली घाली तोच हत्ती सोंडेने आपल्या गळ्यातली घंटी हळूच वाजवी, किंवा कुठल्याशा गवाक्षातून एखादी कधी न दिसलेली बाहुली डोकावे, आणि वर्णिका पुन्हा कवड्या उचले.

बाहेर वारा पडला होता. पान हलत नव्हते. यज्ञाचा धूर सरळ वर जाऊन तेथेच थांबत होता. शमीवतीच्या पाण्यावर तवंग आला होता. आणि कर्मशाळेत, त्या फलकावर, इवल्या पताका फडफडत होत्या. त्यांचा तो बारीक आवाज हैमेला सहन होईना.

"नाथ, हिला उठवा," ती म्हणाली.

सुनाभ उठवायला गेला नाही असे नाही. तो रोज जाई. रोज तिच्या खांद्यावर हात ठेवी, आणि रोज नगरीत नेमके त्याच वेळी काहीतरी असे घडे की त्याचा हात तेथेच राही. कधी कारंज्याच्या पाण्यातून लाकडी मासा उसळे, कधी दोन वणिक भांडू लागत आणि वीणावादिनी खाली उतरून त्यांचे भांडण मिटवी. मग बापही लेकीच्या शेजारी ओणवा होऊन बघत राही. भानावर येई तेव्हा तो दचकून लेकीची नाडी बघे.

"आपण घाबरला आहात हे मला दिसते," हैमा एक दिवस त्याला म्हणाली, आणि तिचा स्वर अगदी शांत होता. "ती भीती खोटी नाही. पण भीतीच्या खाली आनंद आहे, नाथ, आणि तोही मला दिसतो. पोटची पोर वाळत चालली आहे, आणि आपल्याला उद्या हत्ती कुठे जाईल याचे कुतूहल आहे."

ते खरे होते, आणि सुनाभालाही ते ठाऊक होते. त्याने तिरीमिरीत परशू उचलला आणि फलकावर उगारला. साऱ्या नगरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिले. वणिकांनी हात जोडले. एका बाहुलीने आपले लाकडी मूल पदराआड घेतले. ज्यांना डोळे आहेत त्यांच्यावर शस्त्र कसे चालवावे? परशू ठेवून त्याने निदान एक खुंटी उपटावी म्हणून पश्चिमद्वाराची खुंटी ओढली. ती जेमतेम सैल झाली आणि वर्णिकेचा श्वास अडकला. तिचे ओठ निळे पडले. सुनाभाने खुंटी पुन्हा दाबली, दोन्ही हातांनी दाबून धरली, तेव्हा कोठे तिचा श्वास परत आला. आणि त्यानंतरही बराच वेळ त्या खुंटीवरचे हात काढायला तो धजला नाही.

याच सुमारास महर्षी तृणप तेथे आले. वाऱ्याने गळून पडलेल्या तृणबीजांवरच निर्वाह करायचा असे त्यांचे उग्र व्रत होते. वारा पडल्यापासून बीज गळेना आणि व्रत मोडता येईना. रिकाम्या पोटी तपस्व्याचा क्रोध किती वाढतो याचा ज्यांना अनुभव आहे त्यांना त्या वेळची महर्षींची मुद्रा वर्णन करून सांगायला नको.

"अरे काष्ठकीटका!" ते द्वारातूनच गर्जले. "तुझ्या या बाहुल्यांपायी मरुद्गण स्वधर्म विसरले, वनस्पती गुदमरल्या, ऋषींची व्रते संकटात आली! आता ऐक. तुझ्या कुळात यापुढे जो कोणी हलणारी वस्तू घडवू पाहील, त्याचे हात..."

कमंडलूतले जल त्यांनी ओंजळीत घेतले होते. आता ते भूमीवर सोडायचे आणि शापाचे शेवटचे पद उच्चारायचे, एवढेच उरले होते. पण त्याच वेळी राजहत्ती महर्षींकडे वळला, आपल्या सोंडेत कारंज्याचे थेंबभर पाणी घेऊन त्याने तेही ओंजळ केल्याप्रमाणे उचलून धरले, आणि महर्षींसारखेच डोळे वटारले. महर्षी बघत राहिले. बघता बघता जल बोटांच्या फटींतून गळून गेले. त्यांनी खाकरून पुन्हा जल घेतले. पुन्हा ते गळून गेले. अखेर त्यांनी कमंडलू बाजूला ठेवला आणि "हा खरोखर... हा पाण्यावर चालतो काय?" असे विचारीत फलकापाशी बैठक मारली. हैमेने ते पाहिले आणि तिची उरलीसुरली आशा सुटली.

त्या आश्रमात परमसंकटी गुरूला हाक मारायची ती मंत्राने नव्हे, तर रित्या ऐरणीवर घण घालून. हैमा अंगणात गेली. घण तिला पेलणारा नव्हता. तरी तिने तो उचलला आणि ऐरणीवर घातला. तो नाद अरण्यातून, नदीवरून, मेघांतून गेला, आणि देवशिल्पी त्वष्टा कर्मशाळेत प्रकट झाला. तो जटाधारी, विशालबाहू, अग्नीच्या वर्णाचा होता, आणि येताच नगरीकडे पाठ करून उभा राहिला. त्याने तिच्याकडे एकदाही पाहिले नाही.

"सुनाभा," तो म्हणाला, "आरसा कुणी धरला होता?"

सुनाभाने मान खाली घातली. "कुणीच नाही, गुरुदेव. आणेपर्यंत मला धीर धरवला नाही."

"पहिली दृष्टी कुणावर पडली?"

सुनाभाने वर्णिकेकडे पाहिले आणि त्याला हुंदका फुटला.

"उघडलेल्या डोळ्याची पहिली दृष्टी भुकेली असते," त्वष्टा म्हणाला. "तिला आरसा दाखवला तर ती स्वतःला पाहून तृप्त होते. माणसावर पडली तर ती त्या माणसाला सोडत नाही. या बाहुल्या दुष्ट नाहीत. यांना कुणीतरी आपल्याकडे नवलाने बघत राहायला हवे आहे, आणि यांनी तुझी कन्याच पाहिली आहे. तिचे नवल खाऊन या जगतात. ते संपेल तेव्हा तीही संपेल."

"मग यांना माझे नवल द्या!" सुनाभ ओरडला. "यांना घडवणारा मी, यांचे डोळे उघडणारा मी. माझे सारे घ्या!"

"ते देता येते," त्वष्टा म्हणाला, आणि आता त्याच्या आवाजातला कठोरपणा गेला होता. "शिल्प्याने आपले सारे नवल एकदम दिले तर या तृप्त होऊन डोळे मिटतील. पण नवल हातात घेऊन देता येत नाही, सुनाभा. ते उपटून काढावे लागते, आणि त्याला शापच लागतो. पुढे तू पुष्कळ खेळणी करशील. तुझे हात कमी होणार नाहीत. पण तुला प्रत्येक शुकात सूत्र दिसेल आणि प्रत्येक हंसात खुंटी. तुझ्या हातून जे होईल त्याने तुझ्या अंगावर पुन्हा रोमांच उठणार नाही. तुझ्या शिष्यांच्याही नाही, त्यांच्या शिष्यांच्याही नाही."

कर्मशाळेत पताकांची फडफड तेवढी ऐकू येत होती. सुनाभाने आपल्या हातांकडे पाहिले. लहानपणी त्याने पहिला भोवरा फिरवला होता, आणि तो उभा राहिलेला पाहून आनंदाने रडला होता, ते त्याला आठवले. त्या रोमांचाखेरीज आयुष्यात त्याने काही मागितले नव्हते. तो महर्षींपुढे गेला आणि त्याने त्यांचे चरण धरले.

"महर्षी, आपण शाप द्यायला आला होतात. तो द्या."

तृणप ऋषी फलकापासून मोठ्या कष्टाने मागे वळले. त्यांचे डोळे ओले होते. "आता मला द्यावासा वाटत नाही रे," ते म्हणाले.

"माझी कन्या मरते आहे, महर्षी!"

महर्षींनी कमंडलू उचलला. या वेळी त्यांनी डोळे गच्च मिटून घेतले, म्हणून जल ओंजळीत राहिले.

"शेवटचे एकदा बघून घे," त्वष्टा सुनाभाला म्हणाला. "शाप उच्चारला जाईपर्यंत नवल तुझे आहे."

नगरी त्याच्या शेजारीच होती. त्याच क्षणी तिच्यात काहीतरी अपूर्व चालले होते. पाणी वेगळ्याच लयीत वाजत होते, आणि कधी न ऐकलेले एखादे दार करकरत उघडत होते. सुनाभाची मान वळू लागली. ती मान कुठे वळते हे हैमेला ठाऊक होते. पण सुनाभ अर्ध्यातूनच फिरला, वर्णिकेसमोर गुडघे टेकून बसला, आणि तिच्या त्या वाळलेल्या, थकलेल्या, अजूनही थक्क झालेल्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

महर्षींनी जल भूमीवर सोडले आणि त्वष्ट्याने सांगितलेला शाप उच्चारला.

राजहत्ती थांबला. मग कुणी कवड्या न टाकता तो सरळ वीथीने चालत निघाला, देवळाची पायरी चढला आणि आत गेला. घंटा वाजली. वणिकांनी दुकाने बंद केली, वीणावादिनींनी वीणा खाली ठेवल्या, आणि एकेक करीत त्या साऱ्या नगरीने डोळे मिटले. जेथे बुबुळे होती तेथे कोरे लाकूड उरले. मरुद्गण दचकून उठले आणि बाहेर धावले. शिसवीचे सारे अरण्य एकदम सळसळले, आणि महर्षी तृणप, कुणाचाही निरोप न घेता, गवताकडे धावले. वर्णिकेने डोळे चोळले. "माते, मला भूक लागली आहे," ती म्हणाली, आणि हैमा तिला पोटाशी धरून मोठ्याने रडली.

त्वष्टा जायला निघाला तो द्वारात थांबला. "शाप परत घेता येत नाही," तो म्हणाला. "पण नवल जात असता तू नगरी सोडून या मुलीच्या मुखाकडे पाहिलेस, म्हणून एवढा उःशाप देतो. तुझ्या वस्तूत तुला ते कधी सापडणार नाही. ती वस्तू प्रथमच हाती घेणाऱ्याच्या मुखावर मात्र ते तुला क्षणभर दिसेल."

पुढे वर्णिका बरी झाली, तेव्हा सुनाभाने तिच्यासाठी एक शुक घडवला. तो त्याच्या हातून झालेला सर्वोत्तम शुक होता, असे सारा आश्रम म्हणे. कळ फिरवताच तो मान वाकडी करून बोले, आणि सुनाभाला दिसे ते दोन सूत्रे, एक खुंटी आणि चामड्याचा भाता. कोरड्या मनाने त्याने तो लेकीच्या तळहातावर ठेवला. शुक बोलला. वर्णिकेचे ओठ विलग झाले, भुवया वर गेल्या, आणि ती हसली. सुनाभाच्या अंगावर रोमांच उठला, आणि ती शुकाकडे बघत असताना तो तिच्याकडे बघत उभा राहिला.

तेव्हापासून शिल्पी आपली वस्तू दुसऱ्याच्या हाती देतो तेव्हा वस्तूकडे बघत नाही. घेणाऱ्याच्या मुखाकडे टक लावून बघतो. लोकांना वाटते, याला स्तुती हवी आहे. त्याला आपलीच एक जुनी ठेव हवी असते, आणि ती आता तेवढ्या एकाच ठिकाणी उरली आहे.